बघ्यांनो, कोचीला चला

आमच्या घरात देव नाहीत. छप्पन साली आजोबांनी ते उचलून तेरणा नदीत सोडले आणि भिंतीतली देवळी रिकामी झाली. रिकामी जागा आमच्या खानदानाला सहन होत नाही. त्या देवळीत मग पत्रकं आली. मला कळायला लागलं तेव्हापासून तिथं सुतळीनं बांधलेले गठ्ठे बघते आहे. शेजारणी हळदीकुंकवाला आल्या की सवयीनं तिकडं हात जोडायच्या आणि आबा, म्हणजे माझे वडील, त्यांना एकेक प्रत द्यायचे.

आबांचा धाराशिवला छोटा छापखाना आहे. पोटासाठी लग्नपत्रिका, मनासाठी पत्रकं. कागद दोन्हीला एकच, लग्नसराईत उरलेला गुलाबी. त्यामुळं आमची क्रांती कायम गुलाबी राहिली. आमच्या गावात, तेरच्या स्टँडवर आबांनी कुणाच्या हातात कागद ठेवला की माणूस खुशीत विचारायचा, "कुणाचं काढलं लगीन?" मग दोन ओळी वाचून तोंड पाडायचा, "च्यामारी, वीजबिलाचं हाय."

मी अक्षरं याच कागदावर गिरवली. पाठकोऱ्या बाजूला पाढे लिहिले. दुसरीत बाईंनी 'माझी आई' हा निबंध घातला, तेव्हा मी 'बंधू-भगिनींनो' अशी सुरुवात करून 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' असा शेवट केला होता. बाई हसल्या. आबांनी मात्र तो निबंध जपून ठेवला.

आबांचं सगळ्यात गाजलेलं पत्रक म्हणजे 'बघ्यांनो!'. दर दोन-चार वर्षांनी ते नव्यानं निघतं, फक्त मागण्या बदलतात. 'रस्त्याच्या कडेला उभे राहून आमचा मोर्चा बघणाऱ्या बघ्यांनो, तुमच्या हातातला चहा आत्ता गार होतो आहे, तुमचं रक्त कधीच गार झालं आहे.' जगात दोन जाती, चालणारे आणि बघे. बाकीच्या जाती आम्ही मोडल्या, ही दोन मात्र श्रद्धेनं पाळली. शेवटची आवृत्ती मीच लिहिली आणि त्यात बघ्यांची आणखी दोन पिढ्यांची लाज काढली. छपाई बघून आबांचे डोळे भरून आले होते.

आणि मग आई निवृत्त झाली.

आई अंगणवाडीत होती. उभ्या आयुष्यात तिनं गावाबाहेर पाऊल टाकलं ते घोषणा देत. जिल्हा परिषद, आयुक्तालय, नागपूर, मुंबई, दिल्ली. निरोप समारंभाचा हार दाराच्या खिळ्याला सुकत होता तेव्हा तिनं जेवताना विषय काढला.

"मला कुठंतरी न्या."

"नागपूरला जाऊ," आबा लगेच म्हणाले. "डिसेंबरात अधिवेशन हायच."

"अधिवेशन नगं. जिथं सभा न्हाय, मोर्चा न्हाय, तुमच्या ओळखीचं कार्यालय न्हाय, अशा गावाला न्या. दिल्लीला मी तीनदा जाऊन आले. काय बघितलं? सतरंजी. माझ्या नशिबी सगळी गावं सतरंजीवरनंच आली."

आबांनी घास तसाच ताटात ठेवला. मी विचारलं, "मग कुठं जायचंय?"

तिच्या अंगणवाडीच्या भिंतीवर ओल आलेली होती. ती झाकायला कुणीतरी आणून दिलेलं जुनं कॅलेंडर तिनं टांगलं होतं. वर्षं बदलत गेली, सरकारं बदलली, ओल वाढली, पण कॅलेंडर तेच राहिलं. त्यावर समुद्राकाठी उभ्या असलेल्या मोठमोठ्या जाळ्यांचं चित्र होतं, लाकडाचे वासे लावून टांगलेल्या, एखाद्या राक्षसानं चहाची गाळणी धरावी तशा. खाली लिहिलं होतं, कोची.

"त्या जाळ्या खऱ्या हायत का, तेवढं बघायचं," आई म्हणाली. "पण एक अट. पत्रक न्हाय, भाषण न्हाय, कुणाशी वाद न्हाय. मला नुसतं बघायचंय. एक जरी पत्रक दिसलं, तर मी तिथनं एसटीनं माघारी."

"कोचीहून एसटी?" मी हसले.

"ती सास्तूरला जाती, सोनारीला जाती. कोचीनं काय घोडं मारलंय?"

मला खरं तर राग आला होता. माझी आई, जिच्या आवाजावर आयुक्त केबिनमधून बाहेर यायचे, ती स्वतःच्या तोंडानं बघी व्हायला निघाली होती. पण अट ऐकून आबा हो म्हणाले, म्हणून मीही म्हणाले.

रेल्वेचं आरक्षण मिळेना आणि पैसेही फार नव्हते, तेव्हा मामाची जीप ठरली. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्यानं उमेदीची सगळी वर्षं तेर ते धाराशिव काळीपिवळी चालवली. माणसं कोंबून नेणारी ती जीप आता त्यानं पांढरी करून घरगुती केली होती, पण कुठं खरचटलं की आतून पिवळं दिसायचं. मामाचंही तसंच होतं.

काळीपिवळीचे दोन नियम. गाडी भरल्याशिवाय हलवायची नाही, आणि रस्त्यावर हात दिसला की थांबायचं. आम्ही चौघं बसलो, तरी मामा चाक धरून नुसताच बसून राहिला.

"निघ की," आई म्हणाली.

"थांब अक्का, मागं लई जागा हाय. चार माणसांवर हिला चालायची सवय न्हाय."

सोलापूर मागं पडेपर्यंत त्यानं ओळखीच्या दोन म्हाताऱ्या आणि एक बोकड वाटेत पोचतं केलं. विजापूरच्या पुढं ओळख संपली, भाषा संपली, पण हात तर सगळीकडं सारखेच असतात. कुणी घाम पुसायला हात वर केला तरी जीप थांबायची. एका माणसानं आमचा दिवा दिवसाढवळ्या चालू आहे हे सांगायला हात केला, तर मामानं त्याला दार उघडून दिलं. बिचारा एवढा गोंधळला की बसला. पुढच्या गावात उतरताना त्यानं दिव्याकडं बोट दाखवलं, तेव्हा उलगडा झाला. हुबळीच्या अलीकडं एका पोलिसानं हात केला. मामानं त्याच्या पायाशी ब्रेक मारला, मान बाहेर काढली आणि अदबीनं विचारलं, "बसा साहेब, कुठं सोडू?"

साहेबांना कुठंही जायचं नव्हतं. त्यांना कागद बघायचे होते. कागद सगळे नीट होते, मामा त्या बाबतीत पक्का आहे, पण 'कुठं सोडू' हा लाच देण्याचा मराठी प्रकार असावा असं साहेबांना वाटत राहिलं. आबा मागून पुटपुटले, "ह्यावर एक पत्रक..." आईनं नुसतं वळून बघितलं.

आमचा खर्च म्हणजे डिझेल आणि चहा. बाकी सगळं घरून आणलं होतं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदे, डाळ-तांदूळ आणि छोटा गॅस. झोपायला पेट्रोलपंपाची मागची बाजू. आई जीपमधल्या लांब सीटवर, आम्ही बाहेर. घाट उतरून अंकोल्याच्या अलीकडं आलो आणि हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटायला लागली. तिथं एका झाडाखाली भात टाकायचा म्हणून आई सीटखाली लायटर शोधायला वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग तिनं हळूच बाहेर ओढला तो सुतळीनं बांधलेला गुलाबी गठ्ठा.

वर मोठ्या अक्षरात, 'बघ्यांनो!'

मामा उगाच टायरला लाथा मारून हवा तपासायला लागला.

"सवयीनं आलं असंल," आबा म्हणाले.

"सवयीनं? चालत आलं व्हय?"

"अगं, तिकडची माणसं लई शिकलेली हायत. घरटी पेपर वाचतात. वाया न्हाय जायाचं."

"मराठी शिकलेत?"

आबांनी याचा विचार केला नव्हता. आयुष्यभर माणसांना जागं करणाऱ्या माझ्या बापानं, जिथं कुणाला मराठीचा काना कळत नाही अशा गावाला मराठी पत्रकांचा गठ्ठा आणला होता. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी कुणीतरी पत्रकाची बाजू घ्यायला हवी असंही वाटत होतं. म्हणून मी म्हणाले, "चित्र तर कळतं, आई. मूठ आहे वर."

"तुझी मूठ उघड आन् कांदा चीर," आई म्हणाली. "हितं एसटी दिसत न्हाय, म्हणून पुढं येतेय. न्हायतर गेलेच असते." आणि गठ्ठा तिनं स्वतःच्या कापडी पिशवीत टाकला. "हे आता माझ्यापाशी. सुतळीला गाठ मी मारलीय. ती सुटली की मी सुटले."

पुढचा सगळा किनारा आबा त्या पिशवीकडं बघत आले. उजव्या हाताला समुद्र होता, पण आबांना त्याच्यात रस नव्हता.

कोचीला आम्ही मट्टनचेरीच्या एका बोळातल्या लॉजमध्ये उतरलो. खाली मसाल्याची वखार, वर आमची खोली. खोलीभर सुंठीचा आणि मिऱ्यांचा वास. पण खोलीत खाट होती, गादीची. आई खाटेवर बसली, जराशी उडाली, पुन्हा बसली. "परगावी खाट," ती म्हणाली. एवढंच. आम्ही तिघांनी जमिनीवर सतरंजी टाकली, कारण आमच्या घरातून सतरंजी निघाली नाही असा प्रवासच झालेला नाही.

पहिला दिवस आम्ही वाया घालवला. म्हणजे मी आणि आबांनी.

तेरच्या माणसाला पुराण्या वास्तू दाखवणं हाच मुळात मूर्खपणा. आमच्या गावात पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर शेळी पाय घासते आणि दोन हजार वर्षांपूर्वीचं खापर वर येतं. लहानपणी त्याच खापरांनी आम्ही लगोरी खेळलो. त्यामुळं कोचीत प्रत्येक पाटीपुढं आबा थांबायचे, सन वाचायचे आणि म्हणायचे, "पंधराशे कितीतरी? काल-परवाचं हाय." डच लोकांची दफनभूमी, काल-परवाची. ज्यूंच्या प्रार्थनाघरातली निळी फरशी, काल-परवाची. एका दुकानात जुनं घड्याळ होतं, त्यालाही हेच. दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक भाव पाडतंय, आणि त्यानं खरंच भाव उतरवला.

जुन्या चर्चमध्ये एका दर्यावर्दीची कबर आहे. तो मिऱ्यांच्या वासानं इकडं आला, मिरी नेली, पुन्हा आला, शेवटी इथंच मेला. पुढं त्याच्या लोकांनी हाडं उकरून आपल्या देशात नेली. आता फरशीत नुसती जागा आहे, भोवती कठडा, आणि ती रिकामी जागा बघायला माणसं रांग लावतात. मामानं कठड्यावरून वाकून बघितलं.

"म्हंजे शीट रिकामी झाली," तो म्हणाला.

तिथंच एक वाटाड्या उत्तरेकडच्या माणसांच्या घोळक्याला हिंदीत सांगत होता, की या महापुरुषानं भारताचा शोध लावला. आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? मी विचारलं, "भारत हरवला होता का?" घोळका वळला. वाटाड्याही वळला. मग मी मिऱ्यांवर बोलले, तोफांवर बोलले, बुडवलेल्या जहाजांवर बोलले. आबांनी मधे तेरचा माल परदेशी कसा जायचा ते घातलं. वाटाड्यानं हात जोडले, "मॅडम, मेरा पेट है." मी त्याच्या पोटावरही बोलले. शेवटी घोळक्यातल्या एका काकांनी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी वाजवली. चर्चमध्ये. माझ्या हिशोबानं दिवस सार्थकी लागला होता.

बाहेर आलो तर आई पायरीवर बसलेली. समोरच्या मोठ्या झाडाच्या सावल्या पार लांबल्या होत्या.

"जुना राजवाडा बंद झाला असंल आता," ती म्हणाली. "भिंतीवर लई चित्रं हायत म्हणत होती लॉजवाली बाई."

"तुझं बघून झालं का इथलं?" मी विचारलं.

"बघून न्हाय. ऐकून झालं."

सकाळी वखारीच्या शेजारच्या टपरीवर आम्ही चहा घेत होतो. आई गिलास दोन्ही हातात धरून गरम करत बसली होती, जसं काही थंडी आहे. मग तिनं आवाज न चढवता सांगितलं.

"उद्या निघायचं. आजचा दिवस माझा हाय. त्यो मला द्या. पुन्यांदा मी असं मागायची न्हाय."

आई मागण्या कशा करते हे मी लहानपणापासून ऐकलंय. माईकवर, उंच सुरात, शेवटी 'झालीच पाहिजे' जोडून. ही मागणी तशी नव्हती. आबांनी चहा खाली ठेवला आणि म्हणाले, "दिला." मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात छोटं भाषण.

आम्ही जाळ्यांपाशी गेलो. त्या खऱ्या होत्या. कॅलेंडरात कळत नाही एवढ्या अवाढव्य, आणि कॅलेंडरात कळत नाही एवढ्या वास मारणाऱ्या. एका टोकाला जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना टांगलेले धोंडे. पाच-सहा माणसं दोर ओढायची, धोंडे खाली यायचे, जाळं कुरकुरत पाण्याबाहेर यायचं. एवढ्या खटाटोपात वर आले चिमूटभर मासे, एक खेकडा आणि एक चप्पल. आई खुदकन हसली. एकदा झालं, तरी ती हलेना. दुसऱ्यांदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं. त्यातल्या एकानं खुणेनं विचारलं, ओढता का तुम्ही? पर्यटक ओढतात, फोटो काढतात, पैसे देतात.

"ओढ की अक्का," मामा म्हणाला.

"न्हाय. ओढायचं लई झालं."

मग मामा जीप आणायला गेला, कारण दुपारी राजवाडा बघायचा होता आणि तो मट्टनचेरीत, जरा लांब. आम्ही तिघं रस्त्याच्या कडेच्या दगडी कठड्याशी आलो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला रस्ता. कठडा लाटांच्या तुषारांनी ओला होता. आईनं इकडंतिकडं बघितलं, पिशवीत हात घातला, गुलाबी गठ्ठा काढला, कठड्यावर ठेवला आणि त्याच्यावर बसली.

आबांच्या तोंडून कसलासा आवाज निघाला.

"का?" आई म्हणाली. "गाठ सुटली न्हाय."

तिनं टपरीवरून आणलेली तळलेली केळ्याची भजी काढली. वाऱ्यानं तिच्या कपाळावरचे केस उडत होते. ती समुद्राकडं पाठ करून रस्त्याकडं तोंड करून बसली होती, कारण समुद्र बघून झाला होता आणि आता माणसं बघायची होती. आणि नेमका तेव्हा तो आवाज आला.

तो आवाज आमच्या घरातलं कुत्रंही ओळखतं. एक बाई उंचावून काहीतरी म्हणते आणि मग शेकडो बाया ते झेलतात. मल्याळममधलं काही कळत नव्हतं, पण मधूनच दोन शब्द यायचे, 'इन्किलाब' आणि 'जिंदाबाद', अगदी आपले. वळणावरून फलक दिसला, मग झेंडे, मग बाया. एकसारख्या साड्या, खांद्याला पर्सा, हातात छत्र्या. फलकावर बाळाचं चित्र.

"अंगणवाडीच्या हायत," आई म्हणाली.

"कशावरून?"

"चालण्यावरनं. रजिस्टरं वाहून बाई एका अंगाला कलती."

एवढ्या लांब, परक्या मुलखात, तिच्याच बाया! मी उडी मारून उभी राहिले. आबा माझ्या आधीच उभे होते, त्यांची मूठ निम्मी वर आली होती.

"आई, ऊठ!"

"न्हाय."

"अगं, मानधनाचंच असणार. तुझीच मागणी. तुझ्याच बाया!"

"व्हय. माझ्याच हायत."

"मग? आपण इथं बसून काय करायचं? भजी खायची? आपण काय बघे आहोत?"

ती माझ्याकडं वळली. मला वाटलं, ओरडेल. ती हसली.

"तू मोर्चा बघितलायस का कधी?"

"जन्मल्यापासून!"

"आतनं. आतनं काय दिसतंय? म्होरल्या बाईचा अंबाडा. दिल्ली काय, मुंबई काय, मी नुसता अंबाडाच बघत आले. आपण असं चालत येतो तवा कसं दिसत असंल, म्या एवढ्या वर्षांत एकदा बघितलं न्हाय." तिनं भजं मोडलं. "आज बघती. तुला जायाचं तर जा. अट माझी हाय, तुझे पाय तुझे हायत."

मी आबांकडं बघितलं. माझ्या आयुष्यात मी आबांना मोर्चापासून पाच हातांवर थांबलेलं बघितलं नव्हतं. त्यांनी मूठ उघडली, त्या हातानं डोक्यावरचे केस सारखे केले आणि आईशेजारी ओल्या कठड्यावर बसले. तसेच, काही न पसरता.

"आबा!"

"दिवस दिलाय तिला," ते म्हणाले.

मी गेले. बघत बसणं मला जमतच नव्हतं, पाय थांबेनात. मी बायांच्या रांगेत शिरले, एकीनं माझ्या हातात झेंडा दिला, दुसरीनं दंडाला धरून ओळीत घेतलं. पुढच्या बाईच्या अंबाड्यात मोगऱ्याचा गजरा होता. 'जिंदाबाद' आलं की मी घसा फोडत होते. कठड्यासमोर आलो तेव्हा मी वळून बघितलं.

तिथं माझे आईबाप बसलेले होते. एक बघा आणि एक बघी. ज्यांना मी पत्रकात लाज वाटते का म्हणून विचारलं होतं, तसली दोन माणसं, हातात खायचं घेऊन. आईनं भजं हातातच धरून ठेवलं होतं, खायचं विसरून. ती एकेकीचा चेहरा बघत होती, ओळीमागून ओळ, काही राहून जाऊ नये अशी. आबांचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले होते. 'इन्किलाब' आलं, आणि त्यांचे ओठ हलले. आवाज नाही. पुन्हा आलं, पुन्हा ओठ हलले. पाऊल रस्त्यावर ताल धरत होतं. एवढा आवाज आतल्या आत गिळणारा माणूस मी बघितलेला नाही.

रांगेच्या कडेनं एक बाई कागद वाटत चालली होती. ती कठड्यापाशी गेली, आईच्या हातात तिनं पत्रक दिलं. आईनं ते दोन्ही हातांनी घेतलं, उलटंसुलटं बघितलं, नीट घडी केली आणि पर्समध्ये ठेवलं. मग ती अस्वस्थ झाली. ती का अस्वस्थ झाली हे मला एवढ्या लांबूनही कळलं. आमच्याकडं शेजारणीनं वाटीत कालवण पाठवलं तर वाटी रिकामी माघारी जात नाही. चिमूटभर साखर तरी घालून जाते. आईनं पिशवीत चाचपलं. घरचं सगळं संपलेलं, भजी उष्टी झालेली. ती बाई पुढं निघाली होती. आईनं तिला हाक मारली, "ओ बाई, थांबा!", जराशी उठली, सुतळीची स्वतः मारलेली गाठ स्वतः दातानं सोडली, आणि वरचा एक गुलाबी कागद काढून तिच्या हातावर ठेवला.

त्या बाईनं 'बघ्यांनो!' बघितलं. कळलं काहीच नाही. मूठ तेवढी कळली असावी. तिनं हसून कागद आपल्या गठ्ठ्यात खोचला आणि आईच्या दंडावर थाप मारून गेली. आबा तोंड उघडत होते. आईनं त्यांच्याकडं न बघता सांगितलं, "गप बसा. वाटी रिकामी देऊ ने म्हणून दिलाय. पुढं काय न्हाय." आणि पुन्हा गठ्ठ्यावर बसली. हे मला नंतर आबांनी सांगितलं, छाती फुगवून, जसं काही त्यांचाच विजय झाला होता.

पुढचंही त्यांनीच सांगितलं. मोर्चा सरत आला. शेवटी शेवटी म्हाताऱ्या बाया होत्या, पाय ओढत चाललेल्या. आणि त्यांच्याही मागं, सगळ्यात शेवटी, आमची जीप. एम एच पंचवीस. मामा मोर्चात अडकला होता, आणि वाटेत ज्या ज्या दमलेल्या बाईनं घाम पुसायला किंवा घोषणेला हात वर केला, तिच्यासाठी तो थांबत आला होता. जीप गच्च भरली होती. मागच्या दारातून झेंडे बाहेर, खिडक्यांतून छत्र्या बाहेर, दोघी पायरीवर. घर सोडल्यापासून पहिल्यांदा मामाच्या तोंडावर समाधान होतं. गाडी भरली होती.

आईनं त्याला बघितलं, जीपमधल्या बायांना बघितलं आणि खुशीत हात वर करून हलवला.

करकचून ब्रेक लागला. आतल्या सगळ्या बाया एकमेकींवर कोसळल्या.

"बस, अक्का," मामा खिडकीतून ओरडला. "सरका ओ बायांनो, जरा सरका! एकाची जागा हाय."

"बसायचं न्हाय रे. बघतेय मी."

"मग हात कशाला वर केला?"

"टाटा केला!"

"भर रस्त्यात टाटा करत असतेत व्हय?" मामा वैतागला, गियर टाकला आणि मोर्चा घेऊन पुढं गेला. आई वळणापर्यंत हात हलवत राहिली.

मी परत आले तेव्हा रस्ता रिकामा झाला होता. माझा घसा बसला होता. आईनं मला उरलेलं भजं दिलं.

"कसं दिसत होतं?" मी विचारलं.

"लई भारी," ती म्हणाली. "तुझी ओढणी एका बाजूनं लोंबत होती. बाकी लई भारी."

आबा म्हणाले, "त्यांच्या पत्रकात काय लिवलं असंल?"

"तेच असंल," आई म्हणाली आणि उठली. "चला. राजवाडा बंद व्हायच्या आत."

ती पुढं निघाली. आणि तेव्हा मला दिसलं. कठडा ओला, कागद स्वस्तातला. गठ्ठ्याचा रंग सुटून तिच्या पांढरट साडीला मागून चांगला पाटाएवढा गुलाबी डाग पडला होता. मी तोंड उघडणार, तर आबांनी माझा हात दाबला. मग ते स्वतः चालत जाऊन तिच्या बरोबर मागं आले, हात पाठीशी बांधून, डाग कुणाला दिसू नये असे.

मामाची वाट न बघता आम्ही पायीच गेलो. राजवाड्यात, चित्रांच्या दालनात, सुंठीच्या वखारींपुढून आई डावीउजवीकडं मान वळवत सगळं बघत चालली होती, आणि आबा तिच्या मागं एक पाऊल सोडून, तिच्या अंबाड्यावर नजर ठेवून, एक शब्द न बोलता.